आहेरातील ग्रंथ आणि मुक्या जिवांची कणव

मुंजीच्या आहेरात, उत्सवानंतरच्या बक्षीससमारंभात किंवा परगावी शिकायला निघालेल्या मुलाच्या हाती एखादा ग्रंथ ठेवण्याची चाल आपल्या देवस्थानांच्या समाजात जुनी आहे. पुराणांनी पुस्तकदानाची थोरवी गाइली ती पोथी हाताने उतरून काढावी लागत होती त्या काळी. एक ग्रंथ देणे म्हणजे लेखकूचे कित्येक महिन्यांचे श्रम देणे होते. साहजिकच कोणता ग्रंथ कोणास द्यावा याचा विचार दाता करी. छापखान्याने हे दान सोपे केले, आणि सोपे झाले तसे ते थोडे बेपर्वाही झाले. वेष्टन सुबक आहे, किंमत बेताची आहे, एवढे पाहून आपण पुस्तक उचलतो.

अलीकडे या भेटींत एका नव्या विषयाची भर पडली आहे. प्राण्यांविषयीची दया, शाकाहार आणि त्याच्याही पुढे जाऊन दूध, तूप, मध, लोकर, रेशीम, चामडे हे सर्व वर्ज्य मानणारा 'व्हीगन' आचार, यांवरील पुस्तके तरुण मंडळी एकमेकांस देतात, आणि धीर करून वडीलधाऱ्यांनाही देतात. काही घरांत त्यांचे स्वागत होते. काही घरांत, आमच्या नैवेद्याला नावे ठेवणारे हे कोण, असा सूर निघतो. अशा वेळी पुस्तक चांगले की वाईट यापेक्षा ते कोणाच्या हाती आणि कोणत्या क्षणी पडले यालाच अधिक महत्त्व असते, असे माझे मत आहे. या मताला इतिहासात आधार सापडतो, आणि तो पाहण्यासाठी प्रथम लंडनला जावे लागते.

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी तेथे पोचले तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहीन, असे वचन त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूसमक्ष आईला दिले होते, आणि ते ते पाळीत होते. पण ते वचन होते, मनाला पटलेला विचार नव्हता. लहानपणी एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्ले होते. इंग्रज बलवान झाले ते मांसाहाराने, तेव्हा सर्व हिंदी लोकांनी मांस खावे आणि पुढेमागे आपणही उजळ माथ्याने खावे, असे त्यांना लंडनमध्येही वाटतच होते. घरमालकिणीला या पाहुण्यापुढे काय वाढावे ते उमजत नसे. त्यामुळे भूक कायमची. त्यातच एक स्नेही बेंथॅमचा ग्रंथ वाचून दाखवून वचनाचा फोलपणा पटवू पाहत. या साऱ्यापुढे टिकून राहण्यास त्या मुलापाशी आईच्या शब्दाखेरीज काहीही नव्हते.

रोज दहा-बारा मैल पायपीट करावी, स्वस्तशा खाणावळीत पावावर भागवावे, पण समाधान होऊ नये, असे चालले असता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. दाराशेजारी काचेआड विक्रीची पुस्तके मांडली होती. त्यांतले हेन्री सॉल्ट यांचे 'अ प्ली फॉर व्हेजिटेरिअनिझम' त्यांनी एक शिलिंग देऊन घेतले आणि ते तसेच भोजनगृहात शिरले. इंग्लंडात आल्यापासून त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले. मग ते पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचून काढले, आणि ते वाचले त्या दिवसापासून आपण स्वेच्छेने शाकाहारी झालो, असे आत्मकथेत नमूद करून ठेवले.

या प्रसंगातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी जेवण झाले, ग्रंथ मागाहून आला. शिवाय ज्याला पुस्तक मिळाले त्याच्यापाशी आचार पूर्वीपासून होता. उणीव होती ती कारणांची. आई, साधू आणि कुळाची रीत यांनी काय खाऊ नये ते शिकविले होते, का खाऊ नये ते सांगितले नव्हते. सॉल्टने ते सांगितले. एखाद्या मांसाहारी इंग्रजाच्या हाती तेच पुस्तक पडते तर कदाचित हसून बाजूला ठेवले गेले असते. भोजनगृहाच्या दाराशीच पुस्तके मांडण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याला ग्रंथ निवडण्याची कला पुरती साधली होती म्हणायचे.

सॉल्ट यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे उचित होईल, कारण आपल्याकडे त्यांचे नाव गांधींच्या चरित्रातील एका ओळीपुरतेच उरले आहे. त्यांचा जन्म १८५१ साली आपल्याच देशात, नैनिताल येथे झाला. वडील बंगालच्या तोफखान्यात अधिकारी होते. मूल वर्षभराचे असतानाच आई त्याला घेऊन विलायतेस गेली. पुढे ते ईटनच्या प्रख्यात शाळेत शिक्षक झाले. सुखाची नोकरी होती, पण १८८४ साली ती सोडून ते खेड्यातल्या एका लहानशा घरात राहू लागले. गांधींनी विकत घेतलेले पुस्तक १८८६ साली निघाले होते. १८९१ साली त्यांनी 'ह्युमॅनिटेरियन लीग' ही संस्था स्थापली आणि पुढच्याच वर्षी प्राण्यांच्या हक्कांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्राण्यांवर दया करणे हे थोर मनाचे लक्षण आहे, एवढे सांगून ते थांबले नाहीत; प्राण्यांनाही हक्क आहेत असे त्यांनी म्हटले. 'दया' आणि 'हक्क' या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्यावरच पुढच्या शतकातील पुष्कळसा वाद झाला.

त्रेचाळीस वर्षांनी, २० नोव्हेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेसाठी आलेल्या गांधींचे लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे भाषण झाले, तेव्हा ऐंशी वर्षांचे सॉल्ट सभेत उपस्थित होते. त्या भाषणात गांधींनी जुने ऋण मान्य केले, पण त्याचबरोबर शाकाहाऱ्यांचे कानही टोचले. नुसत्या प्रकृतीसाठी घेतलेले व्रत टिकत नाही, त्याला नीतीचा पाया हवा; आणि दुसऱ्याला आपल्याकडे वळवायचे असेल तर अंगी सहिष्णुता आणि नम्रता हवी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आजच्या पुस्तकांपैकी कितीतरी याच कसोटीला उतरत नाहीत. वाचकाला गुन्हेगार ठरवून सुरू होणारे पुस्तक भेट म्हणून देणे आणि घरी बोलावलेल्या पाहुण्याचा उंबरठ्यावर अपमान करणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

सॉल्टनंतर गांधींनी वाचलेल्या ग्रंथांत हॉवर्ड विल्यम्स यांचा १८८३ सालचा 'द एथिक्स ऑफ डाएट' होता. जुन्या-नव्या विचारवंतांची आहारविषयक मते त्यात एकत्र केली आहेत. हाच ग्रंथ रशियात टॉलस्टॉय यांच्या हाती पडला. त्यांनी तूला गावचा कत्तलखाना प्रत्यक्ष पाहिला आणि विल्यम्सच्या रशियन भाषांतरास जोडलेली दीर्घ प्रस्तावना, 'पहिली पायरी', १८९२ साली प्रसिद्ध झाली.

हे सर्व ग्रंथ युक्तिवादाचे, म्हणून शिकल्यासवरलेल्यांचे. परंतु ज्याच्या हातात चाबूक आहे त्याला काय द्यावे? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडातील एका पंगू स्त्रीने दिले. ॲना स्यूएल चौदा वर्षांची असताना पडून अधू झाली आणि जन्मभर तिला घोडागाडीवाचून हिंडणे-फिरणे अशक्य झाले. ज्यांच्या पायांवर तिचे चालणे अवलंबून होते त्या घोड्यांचे हाल ती रोज पाहत होती. आयुष्याच्या अखेरीला अंथरुणावरून तिने एका घोड्याचे आत्मचरित्र लिहिले, ते 'ब्लॅक ब्यूटी'. नोव्हेंबर १८७७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रकाशकाने तिला अवघे चाळीस पौंड दिले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती वारली. तिने हे पुस्तक मुलांसाठी लिहिले नव्हते. घोडे राखणाऱ्या, हाकणाऱ्या माणसांसाठी लिहिले होते. त्या काळी केवळ दिमाखासाठी घोड्याची मान वर ताणून धरणारा एक लगाम श्रीमंतांच्या गाड्यांना असे. त्याने जनावराच्या मानेला व श्वासाला काय यातना होतात, हे घोड्याच्याच तोंडून ऐकताना वाचकाला वादाची जागाच उरत नाही.

अटलांटिकपलीकडे बोस्टनमध्ये जॉर्ज एंजेल नावाचे वकील अशाच पुस्तकाच्या शोधात होते. १८६८ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था काढली होती. १८९० साली त्यांनी 'ब्लॅक ब्यूटी'ची स्वस्त अमेरिकन आवृत्ती छापली आणि गाडीवान, मोतद्दार, तबेल्यातील पोरे यांना ती फुकट वाटण्याचा सपाटा लावला. एका पुस्तकाचे दान इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच झाले असेल. परदेशी लेखकांना अमेरिकेत १८९१ सालापर्यंत स्वामित्वहक्कच नव्हता, त्यामुळे लेखिकेच्या कुटुंबाला या लक्षावधी प्रतींचे काहीही मिळाले नाही. घोड्यावर दया करणाऱ्या त्या सज्जनांना लेखिकेच्या वारसांची आठवण झाली नाही, हेही इतिहासात नोंदवून ठेवले पाहिजे.

आता आपल्या प्रांतांकडे वळू. येथेही पुस्तकाने आयुष्याचा ओघ बदलल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांतली दोन तर अगदी आपल्या घरची आहेत. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी तरुणपणी विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले. नारळीच्या बागा सांभाळणाऱ्या, शाळेत फारसे न शिकलेल्या त्या तरुणाच्या मनात मुलांच्या मासिकातील तो लेख असा रुतला, की १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप अशी वणवण करीत ते पालीचे पंडित झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना वेतन बांधून दिले, ते मराठीत लिहिते राहावेत म्हणून.

दुसरे उदाहरण खऱ्या अर्थाने भेट-पुस्तकाचे आहे. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत शिक्षक होते. त्यांनी १८९८ साली गौतम बुद्धाचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे, शाळेतील परीक्षेत मिळविलेल्या यशाबद्दल भीमराव आंबेडकर या मुलाचा त्याच्या समाजाने सत्कार केला, त्या प्रसंगी केळुसकरांनी त्या चरित्राची प्रत त्याला दिली. ते पुस्तक वाचून आपण भारावलो, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी लिहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची एक आहे. एका शिक्षकाने शाळकरी मुलाला दिलेले पुस्तक आणि ती प्रतिज्ञा यांमध्ये जवळजवळ अर्धशतकाचे अंतर आहे. इतका काळ एखादी भेट मनात तग धरून राहू शकते. केळुसकर त्या मुलाला ओळखत होते, स्वतः लिहिलेले पुस्तक देत होते, ही गोष्टही काही कमी महत्त्वाची नाही.

बुद्धचरित्र देणाऱ्याने मात्र आधी ते वाचलेले असावे. कोसंबींचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ आजही आवर्जून दिला जातो, आणि तो त्या योग्यतेचा आहे. तथापि बुद्धकाळातील श्रमण मांस खात होते की नाही, याची चर्चा त्यात निर्भीडपणे केली असून तिने पुष्कळांची, विशेषतः जैन मंडळींची मने दुखावली होती. केवळ अहिंसेचा गौरव वाचायला मिळेल या अपेक्षेने जो तो ग्रंथ देईल, त्याला पुढे संकोचून जावे लागेल.

आणि संकोचाचेच म्हणाल तर आपल्या समाजापुढील खरा प्रश्न पुढेच आहे. देवळात शिवराक आणि घरी नुस्ते, सोमवारी वर्ज्य आणि मंगळवारी चालते, ही आपल्या कोंकणातील कित्येक कुळांची रीत आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. निदान काही दिवस तरी जिभेला आवर घालावा ही जाणीव तिने राखली आहे. पण गांधींच्या वचनाप्रमाणे हाही कारणावाचूनचा आचार आहे. त्यातून जे पूर्ण शाकाहारी आहेत ते दूध-तूप निर्दोष समजून निश्चिंत असतात. 'व्हीगन' पुस्तके नेमकी तेथेच बोट ठेवतात.

हा प्रश्नही परका नाही. कलकत्त्याकडून आलेल्या काही पत्रकांत गवळी गाई-म्हशींचे कसे हाल करतात ते वाचून, दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय आश्रमात गांधींनी १९१२ साली दूध सोडले होते. येथेही निमित्त छापील कागदाचेच. पुढे १९१८ च्या दुखण्यातून उठण्यासाठी त्यांनी बकरीचे दूध घेतले; व्रत घेताना गाई-म्हशीच मनात होत्या, अशी कस्तुरबांनी वाट काढून दिली. शब्द पाळला पण व्रताचा आत्मा दुखावला, हा सल त्यांनी लपविला नाही. 'व्हीगन' हा शब्द त्यानंतरचा. नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडातील डोनाल्ड वॉटसन या सुतारकामाच्या शिक्षकाने व त्याच्या सोबत्यांनी तो रूढ केला. १९६४ साली रूथ हॅरिसन यांच्या 'ॲनिमल मशीन्स' या पुस्तकाने कोंबड्या व वासरे कारखान्यातील मालाप्रमाणे कशी कोंडली जातात ते दाखविले, आणि ब्रिटिश सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या गावातील गोठा तसा नाही, हे खरे. पण गाय व्याल्यावाचून दूध देत नाही. आणि नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर गोऱ्ह्याचे काय होते, हा प्रश्न गोमातेची आरती करणाऱ्यांनी तरी टाळू नये.

म्हणून पंचामृत बंद करा असे मी म्हणत नाही. तो अधिकार माझा नव्हे. परंतु देवळाची रीत कधी बदलतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी गोव्यातील घुमटाकडे पाहावे. आरतीला साथ करणाऱ्या त्या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले. पुढे बकऱ्याचे कातडे आले, आणि सुवारी चालूच राहिली. बकऱ्याच्या दृष्टीने यात काही सुधारणा झाली नाही, हे उघड आहे. पण 'याच कातड्यावाचून चालणार नाही' ही समजूत तरी गेली. सोवळ्याच्या रेशमाविषयीही असाच विचार एक दिवस करावा लागेल.

मग द्यावे तरी काय? लहान मुलांना वाद नको, कथा द्यावी. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी कावडीतील गंगा ओतणारे एकनाथ, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, या कथा महिपतीच्या ग्रंथांनी घराघरांत पोचविल्या. त्यांची मुलांसाठी सुबोध रूपे मिळतात, जातककथाही मिळतात. साने गुरुजींची 'श्यामची आई' तर बहुतेक घरांत असतेच, पण तिच्यातील 'मोरी गाय' हे प्रकरण मुलाला शेजारी बसवून वाचून दाखविणारे थोडे. महाविद्यालयात जाणाऱ्या, तर्काने चालणाऱ्या मुला-मुलीला सॉल्ट द्यावा, किंवा पीटर सिंगर यांचा १९७५ सालचा 'ॲनिमल लिबरेशन' द्यावा. मात्र त्यातील प्रयोगशाळांची वर्णने दारुण आहेत, कोवळ्या मनाच्या वाचकाला तो देऊ नये. कार्यकर्त्या स्त्रीला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे चरित्र अधिक मोलाचे वाटेल. भरतनाट्याला प्रतिष्ठा देणाऱ्या या विदुषीने राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध विधेयक मांडले, त्यातूनच १९६० चा कायदा आला, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

राहता राहिल्या घरातल्या आजी, ज्यांना नातवाने दिलेल्या व्हीगन पुस्तकाचा राग येतो. त्यांच्या बाबतीत फॅरिंग्डन स्ट्रीटवरचा क्रम पाळावा हे बरे. चण्याची डाळ, गूळ आणि नारळाचा रस घालून केलेले मणगणे, भाज्या, नारळ आणि तिरफळे यांचे खतखते, शेवटी सोलकढी. या पानात दुधाचा थेंब नाही, तुपाची धार नाही, आणि ते सगळे खुद्द आजींनीच शिकविलेले. ते जेवण नातवाने एकदा स्वतःच्या हाताने रांधून आजींना वाढावे. पुस्तक त्या दिवशी कपाटातच असू द्यावे. हात धुऊन, सुपारी कातरीत बसल्या की त्या आपण होऊनच विचारतील, त्या तुझ्या पुस्तकात आहे तरी काय म्हणून.